वरची बाई

३ तारीख, शुक्रवार

विहीणबाईंना नमस्कार.

फोन केला की तुम्ही ठेवून देता. दोनदा ठेवलात, तिसऱ्यांदा उचललाच नाहीत. म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच.

मी तुमच्या मुलीची सासू. आपली भेट नाही. लग्नाला तुम्ही आला नाहीत, त्याला चार वर्षं होतील. मुलीनं शिक्षण अर्ध्यावर टाकलं आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या पोराशी लग्न केलं, याचा तुम्हाला राग. तो पोरगा माझा. तुमचा राग बरोबर की चूक ते ठरवायला मी हे लिहीत नाही.

काम सांगते. तुमच्या मुलीला पुन्हा दिवस गेले आहेत. डॉक्टरांनी आराम सांगितलाय म्हणून दवाखान्यात ठेवलंय. काळजीचं काही नाही. पण तिच्याजवळ तुम्ही असावं असं मला वाटतं, म्हणून मी तुम्हाला न्यायला निघाले आहे. तुम्ही बोलावलं नाही हे मला माहीत आहे. तिनंही पाठवलेलं नाही. तिला वाटतंय, मी नातीला घेऊन माझ्या बहिणीकडे हवापालटाला गेले.

नात बरोबर आहे. तिला ठेवणार कुणाजवळ? तिचा बाप दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात आणि संध्याकाळी दवाखान्यात. दोन वर्षं होऊन गेली आहेत तिला. सारखी गुणगुणत असते, म्हणून घरात सगळे भुंगी म्हणतो. जेवताना गुणगुणते, चिडली तरी गुणगुणते, फक्त सूर बदलतो.

सरळ गाडीनं एका दिवसात तुमच्या गावी येता येतं. पण भुंगीला गाडीत फार वेळ बसवलं की ओकते. त्यामुळे थोडं चालू, थोडं थांबू, असं करत येणार आहे. प्रत्येक मुक्कामावरून पत्र टाकीन. मी दारात उभी राहीन तेव्हा मी कोण, हे तरी सांगत बसावं लागणार नाही.

भुंगीची आजी


४ तारीख, स्टेशनावरची प्रतीक्षा-खोली

विहीणबाई,

पहिल्या टप्प्यावर उतरलो. पुढची गाडी दुपारी आहे. भुंगी माझ्या पिशवीवर बसली आहे आणि बाकाखालच्या एका मुंगीला बिस्किटाचा चुरा घालते आहे. मुंगी घाबरून पळते, ही चुरा घेऊन मागे.

तुम्हाला वाटेल, ही बाई एवढं कशी लिहिते. मी शाळेत फार गेले नाही. छापखान्यात घडीकाम करायचे. मोठा छापील कागद यायचा, त्यावर सोळा पानं, निम्मी उलटी निम्मी सुलटी. घड्या घातल्या की पानं ओळीत लागतात. घडी घालता घालता मी वाचायला शिकले. पण माझ्या हातात एका पुस्तकाचा एकच कागद यायचा, पुढचा शेजारणीकडे. एखादी मुलगी विहिरीच्या काठावर उभी असायची आणि कागद संपायचा. मग जेवणाच्या सुट्टीत मी शेजारणीला विचारायचे, "काय गं, उडी मारली का तिनं?" ती म्हणायची, "मला काय विचारतेस, माझ्या कागदात तिचं लग्न चाललंय." पुढे लग्न झाल्यावर ह्यांनी मला पहिलं अख्खं पुस्तक आणून दिलं, बांधलेलं. ते तिथंच माल पोचवायची गाडी चालवायचे. आता ते नाहीत. पुस्तकं आहेत.

विषय राहिला. लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे.

मघाशी घोषणा झाली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." भुंगी मुंगी सोडून उठली. मान वर करून छताकडे बघत राहिली.

"कोण बोलतं?"

"बाई बोलते."

"कुठंय?"

"वर."

बराच वेळ तिनं छप्पर धुंडाळलं. मग हातातलं अर्धं बिस्किट उंच धरून म्हणाली, "बाई, घे."

तिथं झाडू मारणारी एक बाई होती. ती झाडूवर हात टेकून हसली. म्हणाली, "अगं पोरी, ती काही खायची नाही. मी इथं लागले तेव्हापासून बोलतेय, घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाही तिनं." मग मला म्हणाली, "आवाज मात्र गोड आहे हो. गाडी चुकली तरी माणसाला वाटतं, बरं झालं."

काय सांगणार, की हा आवाज हिच्या आजीचा आहे म्हणून? तुमचा आवाज या अख्ख्या मार्गावर आहे हे मला सूनबाईकडून कळलं होतं, पण भुंगीला कुणी सांगितलेलं नाही. तिला कळलं ते एवढंच, की ही बाई बोलली की सगळे उभे राहतात आणि सामान उचलतात. आता तुमचं बोलणं झालं की हीसुद्धा उभी राहते आणि माझी पिशवी ओढायला लागते. गाडी कुणाची का असेना.

तुमचं नाव पडलंय 'वरची बाई'.

गाडी येतेय. तुम्हीच सांगताय.


६ तारीख, लॉजची खोली

विहीणबाई,

काल धुकं होतं. खिडकीतून काही दिसत नव्हतं, मधेच एखादं झाड यायचं आणि आपण आलोच नव्हतो अशासारखं निघून जायचं. भुंगी प्रत्येक झाडाला "ये" म्हणत होती आणि लगेच "जा" म्हणत होती.

ह्यांना गाडीच्या उलट्या बाजूला तोंड करून बसायची सवय होती. मी म्हणायचे, अहो, गरगरेल. ते म्हणायचे, "येणारं येतंच गं, जाणारं जरा बघू दे." पुढच्या खिडकीतून स्वतःच्या गाडीचा रस्ता आयुष्यभर बघितलेला माणूस तो. मी ते गेल्यापासून गाडीत उलट्या बाजूला बसते. गरगरतं थोडं. काल भुंगी मांडीवर झोपली होती, धुक्यात सगळं मागं मागं जात होतं, आणि मला वाटलं, हे तिघांचं बसणं आहे. मग तिकीट तपासनीस आला आणि माझं एकटीचंच तिकीट बघून गेला.

आता खरं लिहिते. पहिल्या पत्रात मी 'काळजीचं काही नाही' असं लिहिलं. ते खोटं होतं.

मधे एक मूल राहिलं नाही. भुंगीनंतर, गेल्या वर्षी. या वेळी तसंच व्हायला लागलं, म्हणून तिला आडवं करून ठेवलंय. उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही. पूर्ण दिवस भरेपर्यंत असंच. डॉक्टरीणबाई म्हणतात, औषधाचं आम्ही बघतो, पण ही जेवत नाही, बोलत नाही, हिच्या मनात काय आहे ते घरच्यांनी बघा. घरची म्हणजे मी. मी विचारलं. ती म्हणते, "काही नाही, अहो आई." भिंतीकडे तोंड करून झोपते.

तुम्हाला ठाऊक आहेच, सासूला 'अहो आई' म्हणतात आणि नुसतं 'आई' वेगळ्या माणसाला. चार वर्षांत तिनं मला 'अहो' शिवाय हाक मारलेली नाही. मी वाईट वाटून घेत नाही. ती जागा ज्याची त्याची असते.

तिनं खाट बदलून मागितली. आत उबेतली, शांत खाट होती, ती सोडून खिडकीजवळची. तिथं वारा लागतो, रस्त्याचा गोंगाट. परिचारिका वैतागली. मीही वैतागले. मग एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते, वारा फिरला, आणि लांबून तुमचा आवाज आला. दवाखाना स्टेशनाच्या मागेच आहे. शब्द नीट कळत नव्हते. तिनं डोळे मिटले आणि हात वर केला, मी बोलू नये म्हणून.

मग मला जुनी गोष्ट उमगली. भुंगीच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हा ती 'पाव आणते' म्हणून जायची आणि तासाभरानं यायची, कधी पावाशिवायच. एकदा मी मागोमाग गेले. सुनेवर पाळत ठेवणारी सासू म्हणा हवं तर. ती स्टेशनाच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसले तेव्हा दचकली नाही. म्हणाली, "थांबा, अहो आई, आता सातवर गाडी लागेल."

सातवर गाडी लागली. तुम्ही म्हणालात, "फलाट क्रमांक सात." आणि त्या 'सात'च्या शेपटाला एक बारीकसा आवाज आहे. मांजराचं पिल्लू शिंकल्यासारखा. मला आधी कधी ऐकू आला नव्हता, कुणालाच येत नसेल. ती म्हणाली, "ती मी आहे."

तिनं सांगितलं ते असं. आकडे वेगळे बोलून घेतात, गावांची नावं वेगळी, मग यंत्र ते जोडतं. ते सगळं बंद खोलीत बसून बोलायचा तुमचा दिवस होता आणि तिला ठेवायला तुम्हाला कुणी मिळालं नव्हतं. आज भुंगी आहे तेवढी होती ती. तुम्ही तिला टेबलाखाली बसवलंत आणि ओठावर बोट ठेवलंत. सहापर्यंत ती गप्प होती. सातला शिंकली. साहेबांच्या लक्षात आलं नाही, तुमच्या आलं, आणि तुम्ही पुन्हा घेऊ या असं म्हणाला नाहीत.

का म्हणाला नाहीत, हे तिला माहीत नाही. तिनं मला विचारलं होतं, "का नसेल म्हणाली?" मी काय सांगणार? मी तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हते, आजही नाही.

भुंगी उठली. दूध मागतेय.


७ तारीख, जंक्शन

विहीणबाई,

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

इथं उतरलो आणि भुंगी नेहमीप्रमाणं मान वर करून उभी राहिली. घोषणा झाली. दुसऱ्याच बाईचा आवाज. बाईचा तरी कशाला म्हणू? शब्द स्वच्छ, पण बोलणाऱ्याला कधी तहान लागली नसेल असं वाटतं. भुंगी माझ्याकडे बघून म्हणाली, "ही नाही." पुन्हा घोषणा झाली. "ही नाही!" मग फलाटावर बसकण मारून जे भोकाड पसरलं तिनं, की एक हमाल डोक्यावरचं सामान घेऊन तसाच थांबला. म्हणाला, "आजीबाई, काय हरवलं पोरीचं?"

मी म्हटलं, "तुमच्या स्टेशनाचा आवाज हरवला."

"तो होय! परवा बदलला. आम्हालाही चुकल्यासारखं होतं. जुनी बाई नुसती बोलायला लागली तरी मला कळायचं किती नंबर सांगणार, पाय आपोआप वळायचे. आता ऐकावं लागतं."

चौकशी खिडकीवर गेले. तिथला तरुण पोरगा भला होता. म्हणाला, सगळ्या मार्गावर बदलतायत, टप्प्याटप्प्यानं. आमच्या स्टेशनाचं नाव सांगितलं तर त्यानं बघून सांगितलं, "तुमच्याकडे या शनिवारपासून."

तुम्हाला त्यांनी कळवलं का? कळवलं नसेल असं वाटतं. तुम्ही नोकरीतून मोकळ्या झालात, आवाज तिथंच राहिला होता, एवढंच.

शनिवारनंतर ती खिडकीजवळ पडून राहील आणि वारा कितीही फिरला तरी काही येणार नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगणार नाही. मला सांगता येणार नाही.

उद्या तुमच्या दारात येते. दार उघडा. माझ्यासाठी नको.


९ तारीख, तुमच्याच घरी, बाहेरची खोली

विहीणबाई,

तुम्ही आत आहात, मी बाहेर आहे, मधे एक पडदा आहे, आणि मी पत्र लिहितेय. आपल्या दोघींना कुणी बघितलं तर वेडं म्हणेल. पण काल दुपारपासून मी तिचं नाव काढलं की तुम्ही उठून स्वयंपाकघरात जाता आणि नळ सोडता. म्हणून हे पडद्याखालून सरकवणार आहे. पत्रात मला नळ ऐकू येत नाही.

काल तुम्ही दार उघडलंत, याबद्दल आधी आभार. मला वाटलं होतं निदान थोडा वेळ उभं ठेवाल. तुम्ही कडी काढलीत आणि पहिलं वाक्य बोललात ते, "चपला बाहेर." दुसरं, "तुमच्या पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका नाहीत." म्हणजे वाचलीत. मला हसू आलं, पण तुमचा चेहरा बघून गिळलं.

तुमचा आवाज ऐकून मी चरकले हे मात्र खरं. तुम्ही भराभर बोलता, जरा घोगरं, वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. स्टेशनावरची बाई वेगळीच. भुंगीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बघ, ही वरची बाई." तिनं तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग छताकडे बघितलं, आणि म्हणाली, "नाही." तुम्ही म्हणालात, "हिच्या आईसारखीच. एकदा नाही म्हटलं की नाही." लेकीचं आपणहून तेवढंच बोललात. लगेच वळलात.

मग मी विचारलं, येता का. तुमचं उत्तर मी शब्दाला शब्द लिहिते, कारण तुम्हाला ते वाचायला मिळावं: "या पोरीला ठेवून घेते. हवे तितके दिवस, वर्षभर म्हणा. तिची मला अडचण नाही. पण त्या दवाखान्याची पायरी चढायला सांगू नका. मी हिच्या आईला टेबलाखाली बसवून वाढवलं हो, आणि ती एका दुपारी बॅग भरून गेली. मी तिथं जाऊन काय बोलायचं? हवापाण्याचं?"

 

आज सकाळी भुंगीच्या अंगावर फोड दिसले. तुम्हीच आधी बघितलेत, आंघोळ घालताना. तुमचे डॉक्टर येऊन गेले, कांजिण्या म्हणाले. काळजी नाही, दहा-बारा दिवसांत खपल्या धरतील, पण गरोदर बाईच्या आसपास हिला न्यायचं नाही. निघताना ही आईला भेटून आली होती त्याचं विचारलं, तर म्हणाले तेव्हा धोका नव्हता, इतके दिवस आधी लागत नाही. तेवढं एक बरं.

म्हणजे आता असं झालं. भुंगीला हलवता येत नाही. तिला सोडून मी जाऊ शकत नाही. तापात ती मला चिकटून आहे, तुम्ही बघताय. मी तुम्हाला न्यायला आले होते. आता नेऊ शकत नाही. तुम्हाला जायचं असेल तर एकटीनं जावं लागेल, आणि कुणी ओढून नेलं असं म्हणायची सोयही राहणार नाही.

आज गुरुवार आहे.

आणखी एक, मग पुरे. दुपारी भुंगी औषध घेत नव्हती. मी थकून बाहेर आले. तुम्हाला वाटलं मी अंगणात आहे. मी पडद्यापाशीच होते. तुम्ही घसा साफ केलात. आणि मग त्या आवाजात, त्याच, संथ, लांबून आल्यासारख्या आवाजात म्हणालात, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. औषधाची गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे. तोंड उघडावे." मधेच आवाज फाटला. खोकलात. पुन्हा पहिल्यापासून म्हणालात.

भुंगी गुणगुणायची थांबली. मग म्हणाली, "अजून."

तुम्ही गाड्या सोडत गेलात. दोनवर पाण्याची आली, तीनवर मऊ भाताची. चार, पाच, सहा. मी उभी होते, माझे पाय दुखत होते, तरी हलले नाही. सहानंतर भुंगी "अजून" म्हणाली आणि तुम्ही गप्प झालात. मग म्हणालात, "सातवर गाडी नाही, सोन्या. झोप आता."

मी तुम्हाला आता ओळखते, विहीणबाई. थोडीशी. तो 'सात' तुम्ही पुन्हा का घेतला नाहीत, असं तिनं मला विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. पण ते मी सांगून चालणार नाही. सासूच्या तोंडून ते ऐकायची तिची इच्छा नाही.

बोलायचं काय, म्हणालात. हवापाण्याचं बोला. वारा कुठल्या बाजूनं येतो ते विचारा.


१२ तारीख, तुमच्या घरातून

विहीणबाई,

हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. खाट खिडकीजवळची, एवढं लिहिलं तरी पोचेल असं लेक म्हणाला.

शुक्रवारी उठले तर घर गप्प. तुमची चप्पल नाही. ओट्यावर दूध झाकलेलं, किल्ली कपाटाला तशीच लावलेली, आणि भुंगीच्या फोडांना लावायचं औषध वाटीत कालवून ठेवलेलं. 'जाते' असं काही तुम्ही लिहून ठेवलं नव्हतं. बरं केलंत. मी आणि तुम्ही दोघीही लिहायला लागलो असतो तर कुणी हललंच नसतं.

लेकाचा फोन काल आला. मी त्याला म्हटलं, सगळं सांग, आधी काय, मग काय. पुरुषांना सांगता येत नाही. म्हणाला, "आल्या, बसल्या." मी म्हटलं, "अरे, मग? काय बोलल्या?" म्हणे, सूनबाई भिंतीकडे तोंड करून होती. तुम्ही खुर्ची ओढलीत, तिचा डबा उघडलात, आणि म्हणालात, "हे कोण खाईल? गार झालंय." तिनं वळून बघितलं. तुम्हाला ओळखायला तिला वेळ लागला असेल. तुमचे केस पांढरे झालेत, तिला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "तू किती बारीक झालीस." तुम्ही म्हणालात, "स्वतःकडे बघ."

आणि तिथून जे सुरू झालं! उशी उंच की सपाट यावरून दोघी भांडलात म्हणे. परिचारिका दोनदा सांगून गेली, हळू बोला. शनिवारी दुपारी स्टेशनावर नवा आवाज लागला. लेक तिथं होता. त्याला भीती वाटत होती. तो सांगतो, खिडकी उघडी होती, वारा त्याच बाजूचा होता, आणि तुम्ही दोघी त्या वेळी तिच्या शाळेतल्या कुठल्याशा रेनकोटवरून वाद घालत होता. निळा होता की हिरवा. तिनं ऐकलंच नाही.

संध्याकाळी ती थोडा भात जेवली. एवढं सांगताना त्याचा आवाज बदलला. मी लगेच विचारलं, "काय रे, तू जेवलास का?" नाहीतर तो रडला असता आणि मग मीही.

इकडचं सांगते. भुंगीचा ताप उतरला. खपल्या धरायला लागल्यात, खाजवते, मी हातात मोजे घातले आहेत. मोज्यांचे दोन प्राणी झालेत आणि ते एकमेकांना "ये" आणि "जा" म्हणतात. दुपारी ती झोपली की मी तुमच्या कपाटातली पुस्तकं काढते. विचारलं नाही, पण किल्ली तुम्हीच लावून गेलात. काल एक वाचायला घेतलं, संपवलं, मग तसंच मांडीवर ठेवून बसून राहिले. तुमच्या खिडकीतून समोरच्या घरावरचं ऊन हळूहळू वर चढतं आणि मग नाहीसं होतं. इथं मला कुणी ओळखत नाही, ह्यांनाही इथं कुणी ओळखत नव्हतं. तरी ते ऊन बघताना मला एकटं वाटलं नाही. परक्या घरात माणूस जरा मोकळं आठवतो बहुतेक.

तुमची शेजारीण येऊन विचारून गेली, "कधी येतायत त्या?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच, घाई करू नका. पूर्ण दिवस भरू देत. आम्ही आहोत इथं. तुमच्या कुंड्यांना पाणी घालते, शेवटची कुंडी सुकतेय, ती आधीपासून सुकत होती, माझ्यावर घेऊ नका.

एक काम मात्र करा. तिचे केस विंचरा. पडून पडून पार गुंता झालाय. मी विंचरायला घेतले की म्हणते, "राहू द्या, अहो आई, तुम्ही ओढता." मी ओढत नाही. हात फार हलका आहे माझा, छापखान्यातला आहे, ओला कागदसुद्धा फाटला नाही कधी. पण मी तिला कधी तसं म्हणाले नाही. फणी ठेवून द्यायचे. म्हटलं, असू दे, तिला ज्या हाताची सवय आहे तो येईल तेव्हा येईल.

फणी उशाच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

भुंगीची दुसरी आजी